शहरांची पाण्याची कर्जं: नमुना रोख्यांच्या संग्रहाच्या नोंदी

4 जून

संग्रहाला आज कुंपण घातलं. रेल्वे नको, खाणी नकोत, कालवे नकोत, बँका तर नकोतच. फक्त शहरांनी काढलेली कर्जं, त्यातही पाणी आणि गटारांसाठी काढलेली, आणि मिळेल तिथे नमुना प्रत. एवढं बंधन नसेल तर हा नाद कपाट आणि पेन्शन दोन्ही खातो. गिरगावातल्या एका वाचनालयानं दिवाळीनंतर प्रदर्शनासाठी आठवडाभर भिंत देऊ केली आहे, त्यामुळे 'जमेल तेव्हा' म्हणून आता चालणार नाही.

नमुना रोखा म्हणजे काय, हे फलकावर सगळ्यात आधी लागेल. मसुदा इथेच करून ठेवते.

शहराला कर्ज काढायचं ठरलं की रोखे (बाँड), म्हणजे कर्ज देणाऱ्याला मिळणारे छापील कागद, छापायचं काम नामांकित छापखान्याकडे जायचं. लंडनला वॉटरलो अँड सन्स, ब्रॅडबरी विल्किन्सन, डे ला रू. न्यूयॉर्कला अमेरिकन बँक नोट कंपनी. खरी छपाई सुरू होण्याआधी किंवा तिच्याबरोबरच छापखाना मोजक्या प्रती वेगळ्या काढायचा. क्रमांकाच्या जागी नुसती शून्यं, कागदावर आडवं लाल 'स्पेसिमेन', सहीच्या जागेवर पंचानं पाडलेली भोकं. यातली एखादी प्रत शहराकडे मंजुरीला जायची, एखादी छापखान्याच्या दप्तरात राहायची, काही व्याज वाटणाऱ्या बँकांकडे जायच्या. खिडकीवर आलेला रोखा खरा की बनावट, हे ताडून पाहायला कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये ती असायची. शेअर बाजारही नोंदणीच्या वेळी अशी प्रत मागून घेत.

नोकरीत मी रोखे विभागातच होते. तिथे प्रत्येक कागदामागे कुणीतरी मालक उभा असे: विधवा, ट्रस्ट, भांडणारे भाऊ. नमुना रोख्याला मालकच नसतो. त्यावर कुणाचं एक पैचंही येणं नाही. म्हणून तो शांतपणे वाचता येतो.

6 जून

रोमचा 1927 चा डॉलर रोखा टेबलावर घेतला. हे कर्ज पाण्यासाठीचं नाही, म्हणजे कुंपणाबाहेरचं. पण मी घेतलेला पहिला नमुना हाच, तेव्हा त्याला घराबाहेर काढणार नाही. शिवाय कूपनं समजावून सांगायला याच्यासारखा दुसरा नाही.

साडेसहा टक्के व्याज, 25 वर्षं मुदत, फेड 1952 मध्ये, एकूण कर्ज 3 कोटी डॉलर. 1,000 डॉलरच्या रोख्याचं सहामाही व्याज 32 डॉलर 50 सेंट. रोख्याखाली कूपनांचा तक्ता असतो, बोटभर लांबीचे तुकडे ओळीनं छापलेले. दर सहामाहीला धारकानं एक कापून बँकेत द्यायचं आणि पैसे घ्यायचे. खरा रोखा बाजारात सापडतो तेव्हा या तक्त्याचे लचके तोडलेले असतात, किंवा फक्त शेवटची चार कूपनं लोंबत असतात. नमुन्यावर कात्रीच चाललेली नसते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी कूपनं जागच्या जागी.

भिंगाखाली 1943 सालची दोन कूपनं पाहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये रोमवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बाँब टाकले. सोळा वर्षं आधी ज्या माणसानं ती तारीख पोलादी पाट्यावर कोरली, त्याला ती 1931 किंवा 1950 सारखीच एक तारीख होती. तक्त्यात सगळ्या तारखा एकाच टायपात, एकाच आत्मविश्वासानं उभ्या आहेत.

दिवा आडवा धरला की कोरीव छपाई लगेच कळते. शाई कागदावर उभी असते, अक्षरांना बारीक सावली पडते. बोटाचं टोक हलकेच फिरवलं की खरखर लागते. कडेची ती जाळीदार वेलबुट्टी हातानं काढलेली नसते, ती यंत्राची नक्षी. तीच रेषा पुन्हा तशीच्या तशी काढणं बनावटखोराला अवघड जावं म्हणून. आणि रोख्यावर माणसाचा चेहरा का असतो? नुसती शोभा म्हणून नव्हे. न्यूयॉर्कच्या बाजाराला मानवी आकृती हवीच असे, कारण नक्षीतली चूक डोळ्याला दिसत नाही, पण नाक जरा वाकडं झालं की कुणालाही खटकतं.

11 जून

पाऊस लागला. आजचा दिवस कागद वाचवण्यात.

पीव्हीसीची सगळी पाकिटं फेकली. त्यातून वास सुटायला लागला होता. आता प्रत्येक रोखा पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित कागद, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत टाकायच्या. डांबरगोळ्या नाहीत. कसर त्यानं पळते असं सगळे म्हणतात, पण वास कागदात मुरतो आणि मग जन्मभर जात नाही. लॅमिनेशन नाही. सेलोटेप तर घरात या खोलीच्या उंबऱ्याच्या आत आणायचीच नाही. फाटलेल्या घड्यांना जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ. ती वाळायला या हवेत दुप्पट वेळ लागतो, इतकंच.

15 जून

बाकू.

हा माझा सगळ्यात आवडता, आणि प्रदर्शनाचा कणाही हाच होईल. बाकू म्हणजे आजच्या अझरबैजानची राजधानी, तेव्हा रशियन साम्राज्यात. 1910 साली या शहरानं 5 टक्क्यांचं कर्ज काढलं, 2 कोटी 70 लाख रूबल. लंडनच्या हिशेबात 28 लाख 57 हजार पौंड. रशियन शहरांच्या त्या काळच्या रोख्यांवर 189 रूबल बरोबर 20 पौंड असा दर दिसतो. म्हणजे सगळ्यात छोट्या रोख्यावर वर्षाला एक पौंड व्याज. लंडनच्या एखाद्या निवृत्त शाळामास्तरालाही परवडेल असा तुकडा.

त्या काळी बाकू तेलावर तरंगत होतं आणि पाण्यावाचून तडफडत होतं. विहिरींचं पाणी खारट, तळाशी तेल. अखेर शहरानं विल्यम लिंडली या इंजिनीअरला गाठलं. त्यानं सुमारे 180 किलोमीटर दूर, शोल्लारच्या झऱ्यांमधून नळ टाकून पाणी आणायचा आराखडा दिला. काम रखडत रखडत 1917 मध्ये पुरं झालं आणि शहरात गोडं पाणी आलं. त्याच वर्षी रशियात दोन क्रांत्या. 1918 च्या फेब्रुवारीत नव्या सरकारनं झारच्या काळातली सगळी परदेशी कर्जं रद्द ठरवली, आणि शहरांच्या रोख्यांचंही पुढे काही झालं नाही. पाणी आलं, पैसे गेले. लंडन-पॅरिसच्या घराघरांत रोखे मात्र राहिले, उरलेल्या कूपनांसकट.

काका (खालच्या मजल्यावरचे, महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त) वर आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून रोखा डोळ्यांजवळ नेला.

"180 किलोमीटर? उताराचं पाणी की पंपाचं?"

"बहुतेक वाट उताराचं, काका."

"मग हा इंजिनीअर शहाणा. सगळं पंपावर असतं तर क्रांतीत कोळसा कुणी दिला असता त्याला? आमच्या तानसाचंही तसंच, बघ. धरण उंचावर, शहर खाली. वीज जाऊ दे, सरकार जाऊ दे, पाणी येतंच."

हे वाक्य फलकावर घालायचं, त्यांचं नाव न घालता. त्यांना विचारलं तर म्हणाले, "नाव कशाला, बढती मिळणार आहे का आता?"

ता. क.: बाकूजवळ सुराखानीला अग्निमंदिर आहे, आतशगाह. तिथे हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी कोरलेले देवनागरी शिलालेख आहेत, गणेशाला नमन करून सुरू होणारे. कर्जाशी याचा काही संबंध नाही. पण आपला माणूस बाकूला पोचला होता, हे वाचताना बरं वाटतं, म्हणून फलकाच्या कोपऱ्यात एक ओळ.

22 जून

चोर बाजार, मटण स्ट्रीट. जुन्या कागदांच्या दुकानात 'स्पेसिमेन' म्हणून एका दक्षिण अमेरिकन शहराचा रोखा दाखवला. दुकानदार भला माणूस, त्यालाही कुणीतरी तसंच सांगून विकला असणार. भिंग लावलं. 'स्पेसिमेन' रबरी शिक्क्यानं मारलेलं. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, शाई कागदाच्या मागे झिरपलेली. छापखान्याचा शब्द छापलेला असतो, किंवा भोकांनी पाडलेला. घरी मारलेला नसतो. क्रमांकाची जागा कोरी, म्हणजे हा न वापरलेला शिलकी फॉर्म. तोही जुना आहे, तोही खरा आहे, पण तो नमुना नव्हे, आणि किंमत निम्म्याच्याही खाली. रंगीत झेरॉक्स असती तर भिंगाखाली ठिपकेच ठिपके दिसले असते. इथे रेषा अखंड होती, एवढं त्याच्या बाजूनं.

घेतला नाही. मात्र त्याच ढिगात एक मळकं पाकीट निघालं, आत लंडनच्या छापखान्याच्या पेन्सिलीच्या नोंदी असलेलं पुठ्ठ्यावर चिकटवलेलं प्रूफ, फक्त कडेच्या नक्षीचं. कुठल्या शहराचं तेही त्यावर नाही. शहराचं नाव येण्याआधीचा कागद! ते घेतलं. कुंपणाचं काय, असं भाच्यानं विचारलं. कुंपणाला फाटक असतं.

3 जुलै

ब्वेनोस आयरेसचा नमुना मिळत नाही, आणि मिळाला तरी मला झेपणार नाही. पण गोष्ट प्रदर्शनात हवी, म्हणून फलक रोख्याविना.

1888 मध्ये लंडनच्या बेअरिंग बँकेनं ब्वेनोस आयरेसच्या पाणीपुरवठा आणि गटार कंपनीचे रोखे बाजारात आणले. लोकांनी घेतलेच नाहीत. बहुतेक सगळे बेअरिंगच्याच गळ्यात राहिले. 1890 च्या नोव्हेंबरात, सव्वाशे वर्षांहून जुनं हे घराणं बुडायच्या बेतात आलं, आणि बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांनी, विल्यम लिडरडेल यांनी, बाकीच्या बँकांना एकत्र करून हमी निधी उभा केला म्हणून ते वाचलं. शहराच्या गटारांच्या कर्जानं लंडनची सगळ्यात प्रतिष्ठित पेढी जवळजवळ बुडवली!

आणि ब्वेनोस आयरेसमध्ये? तिथे 1894 मध्ये पाण्याचा राजवाडा उभा राहिला. अगदी राजवाडाच: बाहेरून इंग्लंडहून मागवलेल्या डोल्टनच्या चकचकीत टेराकोटाच्या फरशा, आत लोखंडी टाक्या. काकांना फोटो दाखवला. बराच वेळ पाहून म्हणाले, "टाकीला एवढा शृंगार! आमची मलबार हिलची टाकी जमिनीखाली, वर हँगिंग गार्डन. लोक वर भेळ खातात, खाली पाणी आहे हे कुणाच्या गावीही नसतं."

9 जुलै

स्कॅनर दुरुस्तीला. भाचा म्हणतो मोबाईलवर काढू. नाही. 600 डीपीआय, सपाट काच, नाहीतर नाही.

18 जुलै

मुंबईचं काय? प्रदर्शन मुंबईत आणि मुंबईचा कागद नाही, असं कसं चालेल, हा प्रश्न वाचनालयाच्या चिटणीसबाईंनी विचारला, आणि तो बरोबर होता.

तर हकीकत अशी. विहार तलाव 1860 ला पुरा झाला, तुळशी 1879 ला, तानसा 1892 ला. 1888 च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात कर्ज काढण्याच्या अधिकारांचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातच कर्जफेडीसाठी निधी बाजूला काढत राहायची तरतूद. 1896 ला प्लेग आला, 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यानंही रोखे काढले आणि गल्ल्या पाडून रस्ते काढले, दादर-माटुंगा वसवलं. पोर्ट ट्रस्टनं, 1873 पासूनच्या, आपली वेगळी कर्जं काढली. म्हणजे हे शहर उधारीच्या पैशावर वाढलं, यात शंका नाही. मग कागद कुठे गेले?

फेडले गेले. एवढंच उत्तर. मुदत संपली की धारकानं रोखा दिला, पैसे घेतले, कारकुनानं रोखा रद्द केला, पुढे तो जाळला किंवा दळला. ज्या शहरानं वेळच्या वेळी पैसे दिले त्याचा कागद उरत नाही. ज्यानं बुडवले त्याचे रोखे आजही गठ्ठ्यानं मिळतात. म्हणून बाकू, कीव्ह, साराटोव्ह, मॉस्को यांचे रोखे कुठल्याही संग्राहकाकडे, आणि ग्लासगो-मँचेस्टरचे शोधावे लागतात. मँचेस्टरनं थर्लमीअरचं पाणी 1894 ला आणलं, ग्लासगोनं लॉक कॅट्रिनचं 1859 ला, दोन्हीकडे पैसे परत. सज्जन शहरांचा पुरावा गोळा करायचा तर छापखान्याच्या दप्तरातली नमुना प्रतच गाठावी लागते, कारण तीच काय ती जाळली गेलेली नसते.

संग्रहाची दिशा यानं बदलते आहे. बुडालेल्या शहरांचे मिळतील तितके घेऊ, स्वस्त आहेत. पण खर्च करायचा तो फेडलेल्यांवर.

मुंबईपुरतं बोलायचं तर आणखी एक अडचण. आपल्याकडच्या सरकारी प्रॉमिसरी नोटांवर कापायची कूपनंच नसत. मागच्या बाजूला चौकटी असत, व्याज दिलं की कचेरीत तिथेच नोंद. नोकरीत मी अशा नोटा पाहिल्या आहेत, मागची बाजू सह्या-शिक्क्यांनी काळवंडलेली. त्या देखण्या नसतात, म्हणून कुणी जपल्या नाहीत. फॅशनेबल कागद उरतो.

शेवटी मुंबईच्या फलकावर रोखा नाही, तर कायद्यातलं कर्जाचं प्रकरण आणि तानसाचा नकाशा लावायचं ठरलं. काकांकडे 72 इंची नळाच्या जोडाचा हातानं काढलेला आराखडा आहे, शिकाऊ असताना त्यांनीच काढलेला. देतो म्हणाले, पण फ्रेम त्यांच्या खर्चानं, आणि काच पुसायची नाही.

30 जुलै

क्योटो आला. लंडनच्या विक्रेत्यानं नीट सपाट पॅक केला होता.

1909 चं कर्ज, फ्रेंच भांडवल. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योटो ओस पडायला लागलं होतं. त्यांनी आधी बिवा सरोवरातून कालवा खणला, 1890 ला तो पुरा झाला, आणि त्याच पाण्यावर पुढच्याच वर्षी केआगेला वीज तयार केली. मग तीन मोठी कामं एकदम हाती घेतली: दुसरा कालवा, नळाचं पाणी, आणि रस्ते रुंद करून ट्राम. त्यासाठी पॅरिसच्या लोकांनी पैसे दिले. टोकियो, ओसाका, नागोया, सगळीच शहरं त्या चार-पाच वर्षांत परदेशी बाजारात उभी होती. रशियावर विजय मिळवल्यानंतर जपानची पत वधारली होती.

कागद हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती भोकांची. सहीच्या जागेवर चार भोकं, नीट ओळीत, पण एक भोक कडेच्या नक्षीत घुसलंय. पंच करणाऱ्याचा हात घाईत असणार. मागून प्रकाश टाकला तर जलचिन्हही दिसतं, त्या भोकानं कापलेलं. हे छायाचित्र प्रदर्शनात मोठं करून लावायचं. लोकांना रोखा दाखवला तर लोक आकडा वाचतात. भोक मोठं करून दाखवलं तर विचारतात, हे काय?

8 ऑगस्ट

नणंदेच्या ओळखीच्यांचा फोन. आजोबांच्या पेटीत जर्मन शहराचा डॉलर रोखा निघाला आहे, 1920 च्या दशकातला, 'गोल्ड बाँड' लिहिलेला. कुणीतरी सांगितलं की सोन्याच्या भावानं आज त्याचे कोट्यवधी होतात, फक्त 'प्रक्रिया खर्च' आधी भरा.

भरू नका, असं सांगितलं. नंतर दोनदा पुन्हा सांगितलं. जर्मन शहरांनी 1924 नंतर न्यूयॉर्कमध्ये असे पुष्कळ रोखे विकले, ड्रेस्डेन, कलोन, म्युनिक. युद्ध संपताना सोव्हिएत सैन्यानं बर्लिनच्या तिजोऱ्यांतून परत घेतलेल्या, फेडलेल्या रोख्यांचे गठ्ठे उचलले. ते पुन्हा बाजारात यायची भीती होती. म्हणून 1952 ला जर्मनीनं कायदा केला की खरेपणा सिद्ध झालेल्या रोख्यांनाच पैसे, आणि 1953 च्या लंडन करारानं बाकी कर्जाचा निकाल लावला. अमेरिकेच्या रोखे नियामकानंही जुन्या रोख्यांवर 'प्रचंड येणं' असल्याच्या दाव्यांना भुलू नका, असा इशारा दिलेला आहे. संग्राहक जी किंमत देतात ती कागदाची, छपाईची आणि इतिहासाची. त्यापलीकडे काही नाही.

त्यांना रोखा विकायचा नव्हता, फक्त आशा होती. फोन ठेवताना आवाज पडला. वाईट वाटलं, पण भरलेले पैसे गेल्यानंतर वाटलं असतं त्यापेक्षा कमी.

हाच मजकूर प्रदर्शनाच्या दारात, पहिल्या फलकाच्याही आधी. मोठ्या अक्षरात.

19 ऑगस्ट

एका परदेशी संग्राहकाचं पत्र: मुंबईचा एखादा जुना कागद मिळवून द्या, मी दोन नमुने पाठवतो. मोह झाला.

पण 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 75 वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे दस्तऐवज पुरावशेष ठरू शकतात, आणि पुरावशेष केंद्र सरकार किंवा त्यानं नेमलेली संस्था यांच्याखेरीज कुणालाही देशाबाहेर पाठवता येत नाहीत. टपालात घालणं सोपं, म्हणून ते रीतसर होत नाही. सरळ नाही म्हणून कळवलं. आणायला आडकाठी नाही, फक्त पाठवणाऱ्यानं पाकिटावर नीट लिहिलं पाहिजे. 'बाँड' एवढंच लिहिलं तर कस्टम्समध्ये ते चालू मूल्याच्या रोख्यासारखं दिसतं; छापील शेअर आणि रोखे कस्टम्सच्या यादीतल्या 4907 या वर्गात मोडतात. संग्राहकाची वस्तू 9705, शंभर वर्षांहून जुनी असेल तर 9706. 'रद्द केलेला, मूल्यहीन, संग्रहासाठी' हे शब्द आणि खरी किंमत, दोन्ही हवं. बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात एकदा उभं राहून आलं की हे आपोआप पाठ होतं.

2 सप्टेंबर

मांडणी. आधी मी कालानुक्रम धरला होता, तो रद्द. आता दोन भिंती: डावीकडे पैसे बुडवलेली शहरं, उजवीकडे फेडलेली. डावी भिंत रंगीत, भरगच्च. उजवीकडे फार थोडे कागद, आणि मधे रिकाम्या चौकटी, प्रत्येकीखाली शहराचं नाव आणि पाणी कुठून आणलं ते. चिटणीसबाई म्हणाल्या, "रिकाम्या चौकटी पाहून लोक म्हणतील, सामान अर्धवट आणलंय." म्हणू देत. पण समजुतीसाठी वर एक ओळ घातली: या शहरांनी कर्ज फेडलं, म्हणून इथे काही नाही.

14 सप्टेंबर

आजचं सगळ्यात अवघड काम: शेवटचा फलक. अहमदाबादनं 1998 मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय 100 कोटींचे रोखे काढले, भारतात असं पहिल्यांदाच. पैसे मुख्यतः पाण्यासाठीच. पुण्यानं 2017 च्या जूनमध्ये चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटी उभे केले, 7.59 टक्क्यांनी, आणि मुंबईच्या शेअर बाजारात घंटा वाजली. म्हणजे दीडशे वर्षांनी पुन्हा शहर, पाणी आणि रोखा, तेच त्रिकूट. पण हे रोखे डीमॅट. कागद नाही, कूपनं नाहीत, कोरलेला चेहरा नाही, शून्यांचा क्रमांक नाही. नमुना कशाचा काढणार?

काकांनी सुचवलं: "पाणीपट्टीचं बिल लाव. लोक तेच ओळखतात, आणि तक्रारही त्याच्यावरच करतात."

उजव्या भिंतीवरच लावायचं, मात्र कर्ज अजून फिटायचंय म्हणून चौकट अर्धी. पुण्याच्या नणंदेला बिलासाठी फोन केला. ती म्हणाली, बिल देते, पण आधी हे सांग की ते चोवीस तास पाणी आमच्या सोसायटीत कधी येणार? काकांकडे फोन दिला. अर्धा तास झाला, ते दाबाचं गणित समजावून सांगतायत.